पाचशे रुपयांचा दंड आणि तीस वर्षांची नोकरी



आपण नोकरीला लागलो तेव्हा किती कागदांवर सह्या केल्या हे आज कुणाला आठवत नाही. मेडिकल झाले, सर्टिफिकेटे दाखवली, साहेबाने बोट ठेवले तिथे सही केली आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवर हजर झालो. त्या कागदांत एक अटेस्टेशन फॉर्म होता. तो पुढे पोलिस व्हेरिफिकेशनला जातो. आपल्या वेळी तो फॉर्म आला आणि गेला. आपल्या मुलांच्या वेळी मात्र तो दारात आडवा पडून राहिला आहे. ही गोष्ट आपण वेळीच ओळखली पाहिजे, म्हणून हा लेख.

या फॉर्मच्या डोक्यावरच तंबी छापलेली असते. खोटी माहिती दिली किंवा माहिती दडवली तर उमेदवार सरकारी नोकरीला अपात्र ठरेल. दडवल्याचे नंतर नोकरीत असताना कधीही उघडकीला आले, तरी नोकरी जाऊ शकेल. कधीही म्हणजे कधीही! मग खाली प्रश्न येतात. तुम्हाला कधी अटक झाली आहे काय? तुमच्यावर कधी खटला झाला आहे काय? कोर्टाने तुम्हाला कधी दंड केला आहे काय? शिक्षा झाली आहे काय? आज तुमच्यावर एखादी केस चालू आहे काय? प्रत्येक प्रश्नापुढे 'होय' किंवा 'नाही'. तिसरा रकाना नाही.

खून, दरोडा, अफरातफर करणाऱ्याला हे प्रश्न विचारा, आमची ना नाही. रेल्वेत माणसांचे जीव आणि पोस्टात लोकांचे पैसे आपल्या हाती असतात. पण कोर्टाने दंड केला काय, हा प्रश्न दरोडेखोराला लागतो तसाच तो विनाहेल्मेट दुधाची किटली पोचवणाऱ्या पोरालाही लागतो. फॉर्मला दोघांतला फरक कळत नाही. आणि जे फॉर्मला कळत नाही ते फॉर्म तपासणाऱ्या बाबूने कळून घ्यायचे ठरवले नाही, तर सुक्याबरोबर ओलेही जळते.

पूर्वी हा प्रश्न फारसा उभा राहत नसे. चौकात हवालदाराने अडवले, शंभर रुपयांची पावती फाडली, विषय मिटला. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २०० प्रमाणे असा दंड जागेवर भरून गुन्हा आपसात मिटवता येतो. त्यानंतर त्या गुन्ह्याबद्दल पुढे कारवाई होत नाही. त्यात कोर्टाचा संबंध नाही, म्हणून 'कोर्टाने दंड केला काय' याला 'नाही' हेच खरे उत्तर.

आता काळ बदलला आहे. चौकात हवालदार असो वा नसो, कॅमेरा आहे. नंबर प्लेटचा फोटो निघतो आणि ई-चलान मालकाच्या मोबाईलवर येते. ते मुदतीत भरले नाही तर कोर्टाकडे जाऊ शकते. त्यासाठी आता व्हर्च्युअल कोर्ट आहे. दिल्लीत २०१९ साली वाहतुकीच्या चलानांसाठी असे कोर्ट सुरू झाले, पुढे महाराष्ट्रासह इतर राज्यांतही झाले. तिथे ना पिंजरा, ना पुकारा. न्यायाधीश पडद्यावर चलान पाहतात, दंड ठरवतात, मोबाईलवर संदेश येतो. पोरगा बटण दाबतो, पैसे जातात, पावती येते. विजेचे बिल भरावे तसे त्याने ते भरलेले असते. पण कायद्याच्या दृष्टीने त्याने त्या क्षणी काय केले? कोर्टापुढे गुन्हा कबूल केला आणि कोर्टाने केलेला दंड भरला. घरात कुणालाही, त्याला स्वतःलाही, वाटत नाही की आपल्यावर खटला झाला.

आता बघा गंमत. दोन मित्र एकाच दिवशी एकाच सिग्नलवर लाल दिवा ओलांडतात. एकाच्या खिशात पैसे होते, त्याने पोलिसांचे चलान त्याच आठवड्यात भरले. दुसऱ्याच्या घरी पगाराची ओढाताण होती, त्याचे राहून गेले, चलान कोर्टात गेले, मग त्याने तिथे भरले. गुन्हा एक, दिवस एक, सिग्नल एक. पण अटेस्टेशन फॉर्मवर पहिल्याने 'नाही' लिहिले तर ते सत्य, आणि दुसऱ्याने 'नाही' लिहिले तर ती माहिती दडवणे! मग हा फॉर्म चारित्र्य तपासतो की खिसा तपासतो? प्रशासनाला आमचा हा पहिला सवाल आहे.

दुसरा सवाल असा. ई-चलान गाडीच्या नंबरावर निघते, म्हणजे मालकाच्या नावावर. आपल्या घरांत गाडी एक आणि चालवणारे चार. मुलाच्या नावावरची मोटारसायकल मेहुणा बाजारात घेऊन जातो, सिग्नल तोडतो. मोबाईल नंबर जुना असेल तर संदेशही येत नाही. चलान कोर्टात पडून राहते. इकडे मुलगा फॉर्मवर 'केस चालू नाही' असे प्रामाणिकपणे लिहितो. ज्याला केसच माहीत नाही त्याने ती दडवली कशी?

प्रशासनाचे उत्तर आम्हाला पाठ आहे. 'गुन्हा लहान की मोठा हा प्रश्नच नाही. प्रश्न खोटे बोलण्याचा आहे. आज पाचशे रुपयांचा दंड लपवतो, तो उद्या काय लपवणार नाही?' वरवर ऐकले तर पटण्यासारखे आहे. म्हणूनच त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. खोटे बोलणे म्हणजे काय? खरे माहीत असून दुसरे सांगणे. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. विचारलेला प्रश्न स्पष्ट हवा आणि उत्तर देणाऱ्याला सत्य माहीत हवे. जो फॉर्म चौकातली पावती आणि कोर्टाचा दंड यांतला फरक सांगत नाही, त्याने आधी स्वतःचे घर साफ करावे आणि मग पोराच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घ्यावी.

हे एकट्या युनियनवाल्यांचे म्हणणे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने २१ जुलै २०१६ रोजी याच विषयावर सविस्तर निकाल देऊन नियम घालून दिले. मी मॅट्रिक शिकलेला माणूस, पण कामगारांच्या केसेस चालवता चालवता हा निकाल पुन्हा पुन्हा वाचला आहे. त्यातल्या पाच गोष्टी प्रत्येक शाखेच्या कार्यालयात भिंतीवर लावाव्यात अशा आहेत. एक, फॉर्ममधला प्रश्न मोघम असून चालणार नाही. जे स्पष्ट विचारले तेवढेच सांगण्याची जबाबदारी उमेदवारावर येते. दोन, ती गोष्ट उमेदवाराला माहीत होती असे दिसल्याशिवाय त्याला दडवल्याचा दोषी धरता येणार नाही. तीन, गुन्हा किरकोळ असेल, जसे तरुण वयात घोषणा देणे, आणि तो सांगितला असता तरी माणूस त्या नोकरीला अपात्र ठरला नसता, तर मालक ते न सांगणे माफ करू शकतो. चार, खरी माहिती दिली म्हणजे नोकरी मिळालीच असे नाही, पूर्वचारित्र्य तपासण्याचा अधिकार मालकाला राहतोच. पाच, नोकरीत कायम झालेल्या माणसाला या कारणावरून काढायचे तर खातेनिहाय चौकशी केलीच पाहिजे.

त्याच्याही कितीतरी आधी, मार्च १९८५ मध्ये, पुण्यात जन्मलेले सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठापुढे एका कॅश क्लार्कचा दावा आला होता. कोर्टात शिक्षा झाली म्हणून चौकशीविना बडतर्फ करण्याचा अधिकार घटनेच्या कलम ३११ ने सरकारला दिला आहे. त्या अधिकाराबद्दल बोलताना न्यायालयाने उदाहरण कशाचे दिले असेल? स्कूटरचे! मनाई असलेल्या जागी स्कूटर उभी केली म्हणून दंड झालेल्या सरकारी नोकराला बडतर्फ करावे असे घटनेच्या मनात नाही, असे न्यायालयाने म्हटले. शिक्षा देण्याचा अधिकार असेल तर न्यायाने वागण्याचे कर्तव्यही त्याच्यासोबत येते. चाळीस वर्षे झाली या शब्दांना. नोकरीत असलेल्याला जो न्याय, तो नोकरीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या पोराला का नाही?

आता कुणी म्हणेल, सर्वोच्च न्यायालय पाठीशी आहे, मग भिता कशाला? बंधूंनो, इथेच घोडे पेंड खाते. २०१६ च्या निकालात 'माफ करू शकतो' असे आहे, 'माफ केलेच पाहिजे' असे नाही. मर्जी साहेबाची. एका डिव्हिजनमधला साहेब कागद बाजूला ठेवून म्हणेल, जा, कामाला लाग. शेजारच्या डिव्हिजनमधला त्याच कागदावर नोकरीतून कमी केल्याचा हुकूम काढेल. प्रोबेशनवरच्या माणसाला तर चौकशीचेही कवच नाही. मर्जीवर चालतो तो न्याय नव्हे, ती मेहेरबानी. मेहेरबानीसाठी युनियन काढावी लागत नाही.

कोर्टाची वाट किती लांब आहे तेही बघा. रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाला अशाच कारणावरून २०१५ साली प्रशिक्षणातून घरी पाठवले. फॉर्म भरण्याच्या आधीच तो त्या केसमधून निर्दोष सुटलेला होता. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितले की, माहिती दिली नाही एवढ्यावरून लेखणीच्या एका फटकाऱ्याने माणसाला काढता येत नाही. त्याला परत घेण्याचा हुकूम झाला, पण मधल्या काळाचा थकलेला पगार मिळाला नाही. सात वर्षे! तेवढ्यात बरोबरीचे पुढे निघून जातात, आणि घरची जमीन वकिलाच्या फीत गेली तर ती परत येत नाही.

उलटेही निकाल आहेत, ते लपवून मी तुमची दिशाभूल करणार नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्रीय विद्यालयाच्या एका शिक्षकाला काढणे सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवले. फॉर्मवरचे इंग्रजी शब्द नीट कळले नाहीत हे त्याचे म्हणणे मान्य झाले नाही, कारण तो पदवीधर होता. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय राखीव पोलिस दलाच्या बाबतीतही नोकरी गेली ती गेली. म्हणून 'कोर्टात बघून घेऊ' ही भाषा सोडा.

आणि आपल्यातल्याच शहाण्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. सायबर कॅफेवाला, गावातला एखादा भाऊ, कधी कधी ऑफिसातला जुना क्लार्क सुद्धा पोराला सांगतो, 'सगळीकडे नाही-नाही लिहून टाक. कोण बघतोय?' आमच्या युनियन ऑफिसात मागे अनुकंपावर लागलेला एक मुलगा आला होता. वडील ट्रॅकवर काम करता करता गेले. आई, दोन लहान बहिणी, रेल्वेचे क्वार्टर. त्याला हाच सल्ला मिळाला होता आणि व्हेरिफिकेशनच्या कागदात कोर्टाने केलेला वाहतुकीचा एक दंड निघाला होता. शो-कॉज नोटीस हातात घेऊन तो विचारत होता, 'काका, हेल्मेट नव्हते म्हणून बाबांची नोकरी जाईल का?' सल्ला देणारा शहाणा त्या दिवशी कुठे होता? पूर्वी कोण बघत नसेलही. आज चलान, लायसन आणि कोर्टाच्या केसेस कॉम्प्युटरवर आहेत. घरबसल्या कुणीही बघू शकतो.

म्हणून फॉर्म बदलेपर्यंत काय करायचे ते स्पष्ट सांगतो.

फॉर्म भरण्याआधी परिवहनच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि लायसन नंबर घालून बघा. व्हर्च्युअल कोर्टाच्या संकेतस्थळावरही बघा. घरातल्या ज्या गाड्या तुमच्या नावावर आहेत त्या सगळ्यांचे बघा. बाकी असेल ते भरा, पावती कोर्टाची आहे की पोलिसांची हे वाचा आणि जपून ठेवा. कोर्टाने दंड केला असेल तर 'होय' लिहा. सोबत वेगळा कागद जोडा. तारीख, ठिकाण, कलम, कोर्टाचे नाव, रक्कम, पावतीची नक्कल. दंड कोर्टाचा की पोलिसांचा हे कळत नसेल तर तसेच लिहा आणि पावती जोडा. जे लिहिले ते लपवले असे कुणी म्हणू शकत नाही. भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा. फॉर्म दिल्यानंतर एखादी गोष्ट आठवली किंवा नवीन घडली, तर विचारायची वाट न बघता लेखी कळवा आणि पोच घ्या.

किरकोळ कशाला म्हणायचे यातही घोटाळा नको. हेल्मेट, सिग्नल, पार्किंग, कागद जवळ नसणे हे किरकोळ. दारू पिऊन गाडी चालवणे किरकोळ नाही. कलम १८५ मध्ये पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही आहे. अपघात होऊन पोलिसांनी गुन्हा नोंदवला, म्हणजे पूर्वीचे भारतीय दंडविधान २७९ आणि १ जुलै २०२४ पासून न्यायसंहितेचे २८१, तर ते चलान नव्हे, ती फौजदारी केस आहे. ती लिहिलीच पाहिजे. आमची युनियन दारूड्या चालकाची वकिली करणार नाही.

आई-बापांनीही एक ध्यानात ठेवावे. मुलगा अठरा वर्षांच्या आत असताना बालन्याय कायद्याखाली झालेल्या निवाड्याने, अत्यंत गंभीर गुन्ह्यांचा अपवाद सोडला तर, त्याला पुढे अपात्रता चिकटत नाही. २०१५ च्या कायद्याच्या कलम २४ ने ते संरक्षण दिले आहे. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. म्हणजे पोराच्या हातात किल्ली देणारा पोस्टमन किंवा पॉइंट्समन स्वतःची नोकरी पणाला लावतो.

आता मागण्या. त्या अवघड नाहीत, खर्चाच्याही नाहीत.

पहिली, अटेस्टेशन फॉर्ममध्ये एक वाक्य छापा. मोटार वाहन कायद्याखाली फक्त दंड झालेले किरकोळ गुन्हे लिहिण्याची गरज नाही. दारू, अपघात आणि कैदेची शिक्षा यांचा अपवाद ठेवा. मेल मोटर सर्व्हिसच्या ड्रायव्हरसारख्या जागांना सगळे विचारा, तिथे ते कामाशी संबंधित आहे. हे जगावेगळे नाही. इंग्लंडमध्ये १९७४ सालीच कायदा झाला की ठरावीक मुदत उलटल्यावर बहुतेक जुन्या शिक्षा सर्वसाधारण नोकरीच्या अर्जात सांगाव्या लागत नाहीत. ज्यांच्या राजवटीकडून आपण रेल्वे आणि पोस्टाचे नियम घेतले, त्यांनी हे केव्हाच केले.

दुसरी, रेल्वे भरतीची परीक्षा मराठीतून देता येते, तर हा फॉर्मही मराठीतून आणि प्रत्येक राज्याच्या भाषेतून द्या. 'दंड', 'खटला', 'शिक्षा' म्हणजे काय ते उदाहरणासह मागच्या पानावर छापा.

तिसरी, फॉर्म भरल्यावर तीस दिवस दुरुस्तीला द्या. आपणहून दुरुस्ती करणाऱ्यावर दडवल्याचा ठपका नको.

चौथी, या कारणावरून कुणालाही काढण्याआधी, मग तो प्रोबेशनवर असो वा ग्रामीण डाक सेवक असो, शो-कॉज नोटीस द्या, त्याचे ऐका आणि २०१६ च्या निकालातला कुठला मुद्दा लावला ते हुकुमात कारणासह लिहा.

या मागण्या मंजूर होईपर्यंत आपल्या प्रत्येक शाखेने भरतीच्या काळात ऑफिसात एक टेबल मांडावे आणि पोरांचे फॉर्म वाचून, समजावून भरून द्यावेत. कागदावरची एक ओळ वाचून दाखवायला पैसा लागत नाही, वेळ लागतो. तो आपण दिला पाहिजे. युनियनची मेंबरशिप पहिल्या पगारापासून सुरू होते, पण युनियनचे काम त्या पोराला पहिला पगार मिळण्याच्या आधीपासून सुरू झाले पाहिजे.

पाचशे रुपयांचा दंड कोर्टाने ठरवला, तो भरला, हिशेब संपला. त्याच चुकीसाठी तीस वर्षांच्या नोकरीचा दुसरा दंड वसूल करण्याचा अधिकार कुठल्याही बाबूला कुणी दिलेला नाही. तो कुणी वसूल करायला आलाच तर त्याला एकटा पोरगा नव्हे, संघटना भेटली पाहिजे.

कामगार एकजुटीचा विजय असो!